काचघरं दाखवणारा माणूस

पारनेरकडच्या एका पॉलिहाऊसवर मी फुलं तोडायला जाते. तिथली देखरेख करणारा माणूस मला कधी फारसा आवडला नाही. आत जाताना चपला काढायला लावायचा. छताभिंतींच्या प्लास्टिकला नखाएवढं भोक दिसलं तरी चिकटपट्टी घेऊन धावायचा. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर जगभरातली काचघरं दाखवायचा.

"बघा मावशी, भायेर बर्फ आन् आत नारळ! लोकं तिकीट काढून बघाया येत्यात."

"एवढी काच पुसतं कोन?" मी विचारलं. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

गेल्या वैशाखात भर दुपारी वादळ सुटलं. आम्ही तिघी बाया आत होतो. दार वाकून अडकलं, वारं खालून शिरलं आणि सांगाड्याचे लोखंडी पाइप उचलले जायला लागले. अशा वेळी प्लास्टिक फाडून वाऱ्याला वाट द्यावी लागते, नाहीतर सगळा सांगाडा आतल्यांवर कोसळतो. देखरेख करणारा बाहेर होता आणि त्याच्या मोबाईलच्या स्पीकरवर मालक ओरडत होता, "कापू नगंस, नवं हाय ते!"

त्यानं विळा घेतला आणि प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलं. फटीतून त्याचं तोंड दिसलं. रडवेलं झालं होतं, पण हात थांबला नाही. आम्ही त्या फटीतूनच बाहेर पडलो.

संध्याकाळी मालक आला. "नगं म्हनलं हुतं ना?"

"चुकलं," तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

आम्ही आत होतो, हे तो काही सांगेना. शेवटी ते मीच सांगितलं.