मेलेली पेशी आकसत नाही

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दमयंतीमावशी मदतनीस म्हणून आल्या, तेव्हा आठवड्याभरातच मी ओळखलं की या बाईचं मिठाशी काहीतरी बिनसलंय. परीक्षानळ्या धुतील, बाटलीतला बेडूकसुद्धा उचलतील. पण मिठाची बरणी आणायला सांगितली की एखाद्या मुलीला पाठवायच्या. डबाही अळणी. मी एकदा म्हटलं, "मावशी, समुद्राकाठी राहून अळणी जेवता?" त्यांनी डब्याला झाकण लावलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई मनोरच्या अख्ख्या बाजाराला सांगत असते.

शाळा तारापूरच्या अलीकडे, मासेमारांच्या गावात. मी बोईसरहून रिक्षानं येते आणि व्याख्या चोख शिकवते, याचा मला गर्व होता. गेल्या वर्षी नववीला रससंकोच शिकवत होते. जांभळ्या कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, वर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. पेशीतलं पाणी बाहेर गेलं, आतला जांभळा रंग भिंतीपासून सुटून आकसत गेला. वेळेत साधं पाणी सोडलं की तो पुन्हा पसरतो, तेही सांगितलं.

"लिहून घ्या," मी म्हणाले. "रससंकोच फक्त जिवंत पेशीत होतो. मेलेली पेशी आकसत नाही. पेशी जिवंत आहे की नाही हे ओळखायचंय? मीठ घालून बघा."

मागे काहीतरी खळकन फुटलं. मावशींच्या हातातला काचपट्ट्यांचा ट्रे पडला होता. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. त्या बाहेर गेल्या, त्या दोन दिवस आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांचा दीर आला, शैलेश. चाळिशीचा, उन्हानं रापलेला. दारातच उभा राहिला.

"बाई, तुमी माज्या वयनीला काय शिकवलाव? ती मला इचारते, तुजा भाव जित्ता होता का, तवा तू त्याला मिठात घातलास?"

मला काहीच कळेना. मग त्यानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी तो आणि मावशींचा नवरा बळवंत बोटीवर होते. किनारा लांब राहिला आणि इंजिन बंद पडलं, वायरलेसची बॅटरी उतरली. त्याच संध्याकाळी बळवंतच्या छातीत कळ आली आणि तो गेला. पुढे पाच दिवस बोट वाहत होती. बर्फाचं पाणी झालेलं. भावाला समुद्रात सोडायला शैलेशचं मन होईना. वहिनीला तिचा माणूस घरी आणून द्यायचा होता. बोटीवर मिठाच्या तीन गोणी होत्या. मासे खारवण्यात अख्ख्या गावात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या गोणी त्यांनीच भरून दिल्या होत्या.

"वयनीनं मला शिकवलेला तसाच घातला," शैलेश म्हणाला. "खाली थर, वर थर. घरी आनला तवा एवढासा झालेला."

मी तशीच त्याच्याबरोबर निघाले.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. समोर बोंबील वाळत होते, शेजारणीचे. शैलेशनं दोन दिवस या घरात पाणीही घेतलं नव्हतं. मावशींनी दिलंच नव्हतं.

"मावशी, मी अर्धवट बोलले," मी म्हणाले. "मेलेल्या मासळीतलंही पाणी मीठ ओढून घेतंच ना? तुम्हाला मी काय सांगू. मेलेलं अंगही सुकतं. मी बोलत होते ती खूण वेगळी, ती भिंगाखाली एकेका पेशीत बघायची. तिचा तुमच्या यजमानांशी काही संबंध नाही."

त्या म्हणाल्या, "बाई, मानूस जातो तवा त्याच्या सगल्या पेशी एकदम मरतात?"

'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. शैलेश माझ्याकडे डोळे लावून उभा होता. पण एकदा अर्धवट बोलून मी या घरात काय केलं होतं, ते मला दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "माणूस जातो. पण कातडीतल्या काही पेशी पुढे काही तास, कधी दिवसभरसुद्धा जगतात. त्यांना काही कळत नाही, दुखत नाही. पण जिवंत असतात."

मावशींनी शैलेशकडे पाहिलं.

"मीठ कवा घातलास?"

"सकाली."

"आनि रातभर?"

"मांडीवर घेऊन बसलेलो, वयनी. डोका माज्या मांडीवर. वाटायचा, आता उठंल."

मावशी उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता हे घर कायमचं तुटलं. त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि तो शैलेशच्या हातात दिला. शैलेश तांब्या उराशी धरून रडायला लागला. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या. डबा अळणीच होता.

या वर्षी पुन्हा तो धडा आला. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. पापुद्र्यावर मिठाचं पाणी सोडलं आणि मुलांना नुसतं बघायला सांगितलं. मुलं बघून गेली तरी मावशी तिथेच उभ्या.

"मी बगू?"

त्यांनी डोळा लावला. आत जांभळे ठिपके आकसून बसले होते, भिंतींपासून लांब. मावशींचा श्वास मला ऐकू येत होता. अचानक त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"साधा पानी घाला, बाई. लवकर घाला. अजून जित्ता हाय."