जास्तीच्या दोन ओळी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसत आले. साताऱ्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. जे मोजता येतं तेवढंच खरं, हा माझा खाक्या. गंमत बघा... हा अनुभव मला आला तोही मोजतानाच.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती. पफ बाह्यांचं पोलकं आणि मनगटावर घड्याळ, एवढ्यावरच आमच्या पेठेत मला ‘मड्डम’ म्हणायचे. जवानांसाठी बायकांकडून स्वेटर विणून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. खाकी लोकर तोलून मिळायची, स्वेटर तोलूनच परत द्यायचा. म्हणून विणकाम कुणाला घरी न्यायला परवानगी नाही – माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत कुलूपबंद, किल्ली माझ्या गळ्यात.

नमुन्याचा कागद इंग्रजी होता. वर चित्र – तोंडात पाईप धरलेला, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला ऐटबाज साहेब. शेजारची हौसा रोज दुपारी यायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायचे, “दोन सुलट, दोन उलट...” आणि ती विणायची. ओळ संपली की मी कागदावर पेन्सिलीनं खूण करायचे.

हौसाचा नवरा शंकर आफ्रिकेत लढताना बेपत्ता झाला होता. वर्ष होत आलं होतं. त्याला पडताना पाहिलं, असं औंधाकडच्या एका शिपायानं कळवलेलं. सासरे म्हणत होते, आता पोराचे दिवस घालू, सुनेनं कुंकू पुसावं. ती माहेरी येऊन बसली होती.

“बाई, माजं मन सांगतंय, त्ये हाईत,” हौसा म्हणायची. मी पुढची ओळ वाचायचे. मला वाटायचं, उगाच आस लावून बसलीय बिचारी.

एके दुपारी स्वेटर काढला. कागदावर खुणा चौतीस, सुईवर ओळी छत्तीस!

“हौसा, माझ्या माघारी विणलंस?”

“न्हाई वो. किल्ली तर तुमच्या गळ्यात हाय.”

त्या दोन ओळींतला टाकान् टाका पिळलेला होता. हौसाचा हात तसा नव्हताच. मी चिडून दोन्ही ओळी उसवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन! मग मी कडीला दोरा बांधून वर लाखेचं सील लावलं. सील शाबूत... आणि ओळी दोन जास्त. घरात आईशिवाय कुणी नाही, आणि मोतीबिंदूमुळे तिला ताटातली भाजी ओळखू यायची नाही. खरं सांगते, मी त्या ओळी तीनतीनदा मोजल्या.

हौसानं त्या ओळींवरून बोट फिरवलं. “ह्या उसवू नगा बाई,” एवढंच म्हणाली.

आठवड्यानं तिचे सासरे आले. थेट माझ्याच ओट्यावर बसले. “बाई, तुमी शिकल्याल्या. हिला चार शब्द सांगा. पोरगं काय आता येत न्हाई.”

हौसानं स्वेटर त्यांच्यापुढे ठेवला. “मामंजी, ह्या पिळाच्या ओळी माज्या न्हाईत, त्येंच्या हाईत. बाईस्नी इचारा.”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. पोरीचं कुंकू माझ्या जिभेवर आलं होतं. “सगळा भ्रम आहे” म्हणणं किती सोपं होतं! पण मोजलं होतं मी स्वतः.

“किल्ली माझ्याकडे होती. त्या ओळी हिनं विणलेल्या नाहीत,” मी म्हणाले. “कुणी विणल्या, मला माहीत नाही.”

त्यांनी स्वेटर उलटसुलट करून पाहिला. “ह्यो पुरा होईस्तवर थांबतो,” म्हणून उठले.

त्या दिवसापासून हौसानं सुईला हात लावला नाही. तरी स्वेटर वाढतच होता. रोज दोन ओळी. खांदा जवळ येत चालला तसा आमचा जीव टांगणीला लागला. आणि खांद्याला चार ओळी उरल्या असताना ते वाढणं थांबलं! एक दिवस, दोन दिवस... पाच दिवस. हौसानं अन्न टाकलं. आधी वाढतो म्हणून भीती, आता वाढत नाही म्हणून.

काही दिवसांनी छापील कार्ड आलं. शंकर इटलीत युद्धकैदी होता. जिवंत! हौसानं रडत रडत उरलेल्या ओळी विणल्या. स्वेटर परत देताना, दिलेल्या लोकरीपेक्षा पाच तोळे जास्त भरला.

लढाई संपल्यावर शंकर आला. मी न राहवून त्याच्या हातात सुया दिल्या. गडी बिनदिक्कत विणू लागला... टाकान् टाका पिळलेला.

“क्यांपात एका गोऱ्यानं शिकवलं,” तो हसला. “जुनी खाकी जर्सी उसवून इणायचो. रोज चार ओळी. पर सकाळी बघावं तर दोनच! त्या गोऱ्याशी लय भांडलो, माज्या ओळी उसवतोस म्हणून. पुढं सुयाच काढून घेतल्या आमच्या.”

हौसा माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून टाके मोजत बसले.

चारातल्या दोन तिकडे, दोन इकडे. बेरीज चुकत नाही. कशी होते, ते मात्र एवढं गणित शिकवूनही मला आजवर सांगता आलेलं नाही.