हे औषध कशातनं काढतात?

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडं वळवलाच नाही. एरवी त्या "हे बघा" म्हणून बोटानं दाखवायच्या. त्या दिवशी त्यांचा हात माझ्या पोटावर फिरत राहिला, थांबला, परत मागं आला.

"ठोके नाहीत का?" मीच विचारलं.

त्यांनी पोट पुसायला कागद दिला आणि माझा खांदा धरला.

मी शाळेत गणित शिकवते. माहेर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, सासर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठच्या गावात. ऊस, म्हशी, जैन शेतकऱ्याचं घर. घरात आम्ही तिघंच: मी, नवरा आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. पहिल्या दोन वेळी गर्भ पडला तेव्हा बायका म्हणाल्या, होतं असं, पुढच्या खेपेला राहील. तिसऱ्यानंतर कुणी काही बोलेना. गल्लीतल्या डोहाळजेवणांची बोलावणी माझ्यापर्यंत पोचेनाशी झाली.

मग कोल्हापुरातल्या त्याच डॉक्टरांनी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या करायला सांगितल्या. शरीर रोगाशी लढायला जी शस्त्रं तयार करतं, ती कधी कधी आपल्यावरच उलटतात. त्यानं वारेत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि बाळाला रक्त पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. माझ्या रक्तात तो दोष निघाला. पण एकदा निघून भागत नाही. तीन महिन्यांनी परत तपासून तेच आलं, तरच ते खरं धरायचं, आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

ते तीन महिने मी काय मागत होते ते मलाच सांगता येत नव्हतं. दोष नसावा असं वाटायचं. आणि नसलाच, तर मग माझी बाळं का जातात, हा प्रश्न फळ्यासमोर उभी असताना यायचा आणि हातातला खडू तसाच राहायचा.

मधेच नणंदेनं दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्याची माहिती काढली. तिथं नवऱ्याच्या रक्तातल्या पेशी बायकोला टोचतात म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अशा तपासण्या आणि उपचार बरेच निघालेत. सगळ्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तुमच्यात जे सापडलंय, त्याच्यावर मात्र ठरलेला इलाज आहे. तो तरी आधी करू या."

दुसरा निकालही तोच आला. इलाज म्हणजे रोज एक लहान गोळी आणि दिवस राहिले की रोज पोटात एक इंजेक्शन, बाळंतपणानंतरही काही आठवडे. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या,

"तुम्ही जैन आहात, म्हणून सांगायला हवं. हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून काढतात. गर्भारपणात इतक्या भरवशाचं दुसरं माझ्याकडं नाही."

परतीच्या वाटेवर हातकणंगलं मागं पडलं. मग नवरा म्हणाला, "आईला सांगायचं न्हाई. औषध हाय, एवढंच सांगू."

"आणि त्यांनी विचारलं तर?"



आत्ती कांदा-बटाटा खात नाहीत. पाणी गाळून पितात. दिवस मावळायच्या आत जेवतात. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि त्यांनी विचारलंच. "काय म्हणाल्या डाक्टरीणबाई?" मी इंजेक्शनाचं सांगितलं. नवऱ्यानं पायानं मला खुणावलं.

"कशातनं काढत्यात ते?"

मला खोटं सुचलं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण रोज त्यांच्याच घरात बसून ते टोचायचं आणि रोज तेच खोटं परत बोलायचं, हे मला झेपणार नव्हतं. मी सांगितलं.

आत्तींनी हातातला घास ताटात ठेवला. ताट बाजूला सारलं.

"म्हंजे एका जिवापायी दुसरा जीव मारायचा."

"व्हय, आत्ती. मला दुसरी वाट दिसत नाही."

"आई, आता तू..." नवरा बोलायला लागला.

"तू गप." त्या माझ्याकडंच बघत होत्या. "हे पाप न्हाई असं मी म्हणणार न्हाई. कुणी सांगितलं तरी म्हणणार न्हाई. पोट तुझं हाय. तुझं तू ठरीव."

त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला. माझ्याशी बोलणं तुटलं नाही, पण कामापुरतं उरलं.

पुढच्या वर्षी दिवस राहिले. पहिलं इंजेक्शन नवऱ्यानं दिलं. सुई तिरकी गेली, म्हणून पुढचं सगळं मीच शिकून घेतलं. खोलीचं दार लावायचं, पोटाची घडी धरायची, सुई सरळ आत घालायची. पोटावर निळे डाग पडले. मोरीत गेले की आधी रक्त दिसतंय का बघायचं. शाळेतून घरी आले की बघायचं. मागच्या वेळी ठोके थांबले तो महिना सरला, तरी मी कुणाला काही सांगितलं नाही.

पोट चांगलं दिसायला लागलं आणि कृष्णेला पाणी आलं. गावाला पूर नवीन नाही, दर काही वर्षांनी येतोच, पण त्या वेळी पाणी भराभर चढलं. सकाळी भोंग्यावरून गाव सोडायला सांगत होते, दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी होतं. म्हशी आधीच हलवल्या होत्या. नवऱ्यानं ट्रॅक्टरची ट्रॉली दाराशी लावली. धान्य, कपडे, गॅसची टाकी, शेजारची म्हातारी माणसं, सगळं त्यातच. नणंदेकडं हातकणंगल्याला जायचं ठरलं.

गावाबाहेरच्या पुलावर आलो तेव्हा पाणी पुलाखाली जेमतेम मावत होतं. मी पिशवीत हात घातला. इंजेक्शनाचा डबा नव्हता. परत चाचपलं. खोलीतल्या कपाटातच राहिला होता. आता रस्ते बंद झाले, तर कुठलं दुकान आणि कुठला डबा! मी ओरडले, "थांबवा!"

नवरा खाली उतरला. "मी जाऊन आणतो."

"अरे, पाणी बघ की!" शेजारचे म्हातारे म्हणाले.

तो चालायलाही लागला होता. तेवढ्यात ट्रॉलीतनं आत्तींचा आवाज आला. "माघारी ये. माझ्याजवळ हाय."

त्यांच्या मांडीवर दोन गाठोडी होती. एकात देव आणि पोथ्या. दुसरं लहान, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"देवासंगं न्हाई ठेवलं," त्या म्हणाल्या. "येगळं बांधलंय."

मी त्यांचा हात धरायला गेले, पण त्या पाण्याकडं बघत होत्या. ट्रॉली हलली आणि आम्ही पूल ओलांडला.

दिवस पुरे भरायच्या आधीच बाळाची वाढ मंदावली आणि डॉक्टरांनी सिझर केलं. मुलगी झाली. एवढीशी, पण बाहेर येताच रडली. मी तो आवाज ऐकला आणि पोट शिवून होईपर्यंत रडत होते. काचेच्या पेटीत काही दिवस राहून ती माझ्या कुशीत आली.

दवाखान्यात आत्ती माझ्याजवळ राहिल्या. एकदा नर्स इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून हायच काय हे?"

"काही आठवडे, आत्ती." त्यांचा जेवणाचा डबा सकाळपासून तसाच होता. मग मला राहवलं नाही. "तुम्ही परत उपास धरलाय?"

"ते माझं मी बघीन," त्या म्हणाल्या. "तू पोरीला पाज."