बटण दाबलं होतं का

भीती कशाची होती ते आधी सांगते, उगाच कोड्यात बोलायला नको. मतदान संपलं की मशीनवरचं एक बटण दाबावं लागतं. ते छोट्या झाकणाखाली असतं. ते दाबलं की मशीन बंद होतं, पुढं कुणाचं मत त्यात पडत नाही, आणि मोजणीच्या दिवशी त्याला निकाल विचारता येतो. दाबायचं राहिलं तर मोजणीच्या टेबलावर मशीन मुकं बसतं. माझ्या सुनेला ते बटण दाबल्याचं आठवत नव्हतं. मशीनला सील लागलं होतं, ते तालुक्याच्या गावी कुलपात होतं आणि दारावर बंदूकवाले शिपाई होते. उघडून बघायची सोय नव्हती. मतदान आणि मोजणी यांच्या मधले ते दिवस आम्ही कसे काढले ते मी लिहितेय.

सून प्राथमिक शाळेत आहे. तेव्हा ती शिक्षणसेवक होती, म्हणजे पहिली काही वर्षं थोडक्या मानधनावर काम करायचं आणि कुठं डाग लागला नाही तर मग कायम व्हायचं. कायम व्हायला थोडेच महिने उरले होते. मुलगा जालन्याला स्टीलच्या कारखान्यात होता. तापलेल्या सळईनं त्याचा उजवा हात भाजला, बोटं वळत नाहीत, तेव्हापासून घरी आहे. घर सुनेच्या नोकरीवर चालत होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विधानसभेच्या निवडणुकीचा हुकूम आला तेव्हा नात अंगावर पीत होती. सुनेला सूट मागता आली असती. पण कायम व्हायच्या आधी हुकमाला नाही म्हणू नये, असं शाळेतल्या कुणीतरी तिच्या कानात घातलं. मग नातीला घेऊन मीही निघाले. तिला मतदानाच्या कामाला नेमलेलं गाव आमच्यापासून दोन बस लांब होतं. मतदान तिथल्या शाळेत होतं, तिच्या मागं अंगणवाडीच्या ताईचं घर होतं, तिनं मला ओसरी दिली. सून मधूनमधून यायची, लेकराला पाजायची आणि परत पळायची.

केंद्राचे मुख्य साहेब पाटबंधाऱ्यातले होते. वयस्क माणूस, शर्टाची वरची गुंडी लावणारे. दुपारी ते घामानं भिजले आणि छाती धरून बाकावर बसले. गावोगावच्या केंद्रांवर फिरणारा अधिकारी जीप घेऊन आला, साहेबांना घेऊन गेला. जाताना तो सुनेला म्हणाला, साहेबांच्या खाली पहिल्या नंबरच्या तुम्ही आहात, आता केंद्र तुमचं. राखीव माणूस पाठवतो, असंही म्हणाला. तो माणूस वाट चुकून दुसऱ्याच गावाला गेला.

दिवसभर रांग तुरळक होती. संध्याकाळी वेळ संपत आली आणि कापूस वेचून बाया एकदम आल्या. सुनेनं शिकवल्याप्रमाणं शेवटच्या बाईपासून चिठ्ठ्या वाटत आणल्या, म्हणजे मागून कुणी रांगेत घुसू नये. तेवढ्यात एक गडी पळत आला आणि चिठ्ठी मागायला लागला. सून नाही म्हणाली. तिथून दोन्ही उमेदवारांकडून केंद्रात बसलेली पोरं दारात भांडायला लागली. पोलीस एकच होता. मी नातीला घेऊन खिडकीशी आले होते. तिला भूक लागली होती आणि ती गळा काढून रडत होती.

रांगेतली एक बाई, लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले, आत सुनेकडं बघून म्हणाली, “बाई, लेकराला पाजून घे आधी. मशीन काय पळून जातंय का?”

तिच्यामागची म्हणाली, “मशीन न्हाई पळत, पर हिची नवकरी पळंल की.”

रांगभर बाया हसल्या. मीही हसले. ते हसणं पुढं मला फार दिवस ऐकू येत राहिलं.

शेवटची बाई मत देऊन गेली तेव्हा दिवे लागले होते. सुनेनं मशीनवरचा एकूण आकडा कागदावर घेतला. दोन्हीकडच्या पोरांच्या सह्या घेताना पुन्हा आवाज चढले. नात ओरडत होती, सुनेचं पोलकं दुधानं भिजलं होतं. मग लाख वितळवली, सील लावलं, पेटी बंद केली. तालुक्याला जाऊन मशीन जमा केलं, पावती घेतली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं तव्यावर भाकरी टाकली आणि ती उलटायचीच राहिली. वास आला म्हणून मी आत गेले. ती हातात उलथनं धरून नुसती उभी होती.

“आत्याबाई, मी ते झाकण उघडलं होतं का?”

कुठलं झाकण, ते मला कळेना. तिनं बटणाचं सगळं सांगितलं. आकडा बघायचं बटण वेगळं, मशीन बंद करायचं वेगळं. आकडा घेतलेला तिला आठवत होता, पुढचं काहीच नाही.

“तुम्ही खिडकीत होता ना?”

“खिडकीत होते,” मी म्हणाले. “पर लेकराकडं पाहून राह्यले होते. मी न्हाई पाहिलं.”

कानाखाली मारल्यासारखी ती माझ्याकडं बघत राहिली. दुसरी सासू असती तर दाबलं गं, दाबलं, असं म्हणाली असती. पण माझ्या म्हणण्यानं कुलपातलं मशीन बंद होणार होतं का?

मुलाचा एक दोस्त एका उमेदवाराच्या गाडीवर फिरायचा. मुलगा म्हणाला, त्याच्या कानावर घालतो, तो वर बोलेल. मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला. त्याला सांगितलं, एकदा त्या दोस्ताला कळलं की बटण तुझ्या बायकोचं राहत नाही, त्याचं होतं. मग तो म्हणेल तसं वागावं लागेल. भाजलेला हात दुसऱ्या हातानं दाबत बसायची त्याला सवय आहे, तसा बसला.

नोकरीची भीती तर होतीच. मला भीती त्या गावाची जास्त होती. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या मोजणीवरून मागं एकदा भांडण पेटलं, तेव्हा एका मास्तराची फटफटी त्याच्या दारात जाळली. त्यानं काय केलं होतं? काही नाही. लोकांना कुणीतरी पाहिजे होतं. मशीन मुकं निघालं तर सून लेकराच्या रडण्यानं चुकली असं कोण म्हणणार होतं? मास्तरीण फुटली, असंच म्हणणार. तिला कुणी सांगून ठेवलं होतं, असंही म्हणणार. आमचा पत्ता शोधायला काय लागतं? शाळेचं नाव विचारलं की झालं. मी दिवसासुद्धा दाराला कडी लावायला लागले. सुनेचं दूध आटत चाललं. नात ओढायची, मिळेना की चावायची.

मोजणीच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, साहेबांना भेटून येऊ, ते जुने आहेत, वाट सांगतील. जालन्याला दवाखान्यात साहेब पलंगावर होते, हाताला सलाईन. बायको शेजारी मोसंबी सोलत होती. सुनेनं हळू आवाजात सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, परत दुखायला लागलं की काय.

“मॅडम, तुम्ही काही बोलू नका,” ते म्हणाले. “दाबलं असेल तर उगाच सांगून बसाल. नसेल दाबलं तर मी कुठं होतो तिथं?”

“तुम्ही न्हवता, मंग तुम्हाला भ्यायचं काय काम?” मी विचारलं.

“आजी, उन्हाळ्यात रिटायर व्हायचंय मला.”

त्यांच्या बायकोनं मोसंबीची एक फोड नातीच्या हातात दिली. जन्मभर सरकारी खुर्चीवर बसलेला माणूस, आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून पडला होता. मला वाटलं होतं, याला विचारलं की धीर येईल. हा एवढा भितो, तर आपण कोण?

बसस्टँडवर सून बाकावर बसून राहिली. आमची बस आली आणि गेली.

“आत्याबाई, सांगितलं तर काय होईल?”

“मला काय माहीत. न सांगता काय होतं ते दिसून राह्यलंय. तुझं दूध आटलं.”

ती उठली आणि तालुक्याच्या बसमध्ये चढली. मी मागं. कचेरीच्या आवारात जिकडंतिकडं मांडव, कळकाचे कठडे, पोलीस. तिनं तिथंच एका पायरीवर बसून अर्ज लिहिला. निवडणुकीचे साहेब तरणे होते, डोळे लाल, समोर निवलेल्या चहाचे दोन कप. त्यांनी अर्ज वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला. ते ओरडतील म्हणून मी नातीचे कान झाकून ठेवले होते. ते ओरडले नाहीत.

“हे आज का सांगताय?”

“उद्या टेबलावर सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा,” सून म्हणाली.

त्यांनी कुणाला तरी बोलावलं, केंद्राचा नंबर सांगितला आणि या मशीनकडं उद्या नीट लक्ष ठेवा म्हणाले. मग आमच्याकडं न बघताच म्हणाले, “घरी जा. फोन चालू ठेवा.”

त्या सगळ्या दिवसांत मला सगळ्यात जास्त धास्ती बसली ती या तीन शब्दांनी. फोन चालू ठेवा.

मोजणीच्या दिवशी सुनेचा फोन देवळीत ठेवला होता. मुलगा त्याच्या फोनवर फेऱ्यांचे आकडे बघत होता. आमचा माणूस कोण, तुमचा कोण, याचं त्या दिवशी घरात कुणाला काही नव्हतं. दुपारी फटाके वाजायला लागले. पहिल्या आवाजाला सून भिंतीला टेकली. एक फोन आला, तो तिच्या बहिणीचा निघाला. तिनं तो उचलला आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला.

कचेरीतून फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. सून नुसतं हो, हो म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिनं सांगितलं. बटण दाबलेलं नव्हतं. मशीन बाजूला काढून ठेवलं आणि बाकीची मोजणी पुढं नेली. सगळं संपल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातलं अंतर पाहिलं. ते त्या मशीनमधल्या सगळ्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होतं, म्हणजे त्यातली मतं कुणालाही पडली असती तरी निकाल बदलत नव्हता. अंतर कमी असतं तर मशीनबरोबरच्या कागदी चिठ्ठ्या काढून मोजल्या असत्या. तशी वेळ आली नाही. ते मशीन पेटीतच राहिलं.

“आणि तुझं?” मी विचारलं.

“नोटीस येईल. खुलासा द्या म्हणाले.”

नोटीस आली, खुलासा गेला. आधी सांगितलं म्हणून ताकीद मिळाली, नोकरी राहिली. कायम व्हायला उशीर लागला, पण झाली. पाटबंधाऱ्याचे साहेब उन्हाळ्यात रिटायर झाले असतील. त्यांचा कधी फोन आला नाही.

पुढं सुनेनं मला निकालाचा सरकारी कागद फोनवर दाखवला. एकेका केंद्राची एकेक ओळ, पुढं उमेदवारांचे आकडे. त्या केंद्रापुढं आकडे नव्हते, बारीक अक्षरांत शेरा होता. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचला. मशीन बंद केलेलं नसल्यामुळं मोजणीत घेतलं नाही, असा त्याचा अर्थ. सुनेचं नाव कुठं नव्हतं. मी पानभर शोधलं.

आता खरं तर संपायला पाहिजे होतं. पण मागच्या उन्हाळ्यात मी नातीला घेऊन जालन्याहून येत होते आणि बसमध्ये रांगेतली तीच बाई शेजारी येऊन बसली. कापसाचे धागे नव्हते, तरी आवाजावरून मी ओळखलं. तिनं मला नातीवरून ओळखलं.

“लई बोंबलत व्हती गं ही त्या दिवशी,” ती म्हणाली. नातीला तिनं शेंगा दिल्या. मग मान उंच करून सांगायला लागली, आमच्या गावानं लीड दिला म्हणं. आमचे घरचे अजून पारावर बसून तेच सांगून राह्यलेत.

मला गप्प बसता आलं असतं. मोजणीला बसलेल्या दोन्हीकडच्या पोरांनी गावात जाऊन काय सांगितलं असेल ते मला दिसत होतं. प्रत्येकानं आपापला लीड सांगितला असणार. बायांना कोण सांगायला बसलंय? मी म्हणाले, “तुमच्या खोलीचं मशीन मोजलंच न्हाई.”

“म्हंजी?”

मी बटणाचं सांगितलं. सुनेच्या हातून राहिलं, हेही सांगितलं. ती शेंग फोडायची थांबली.

“वेचणी टाकून आल्ते मी. माझं मत कुठंय मंग?”

“हाय त्यातच. मोजलं न्हाई.”

“आन् आमच्या घरच्यांचा लीड?”

“त्यो बी त्यातच.”

तिनं तोंडाला पदर लावला आणि खांदे हलवून हसली. मग हसणं गेलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. फाटा जवळ आला तेव्हा पिशवी उचलून म्हणाली, “गावात न्हाई सांगायची मी. पर नवऱ्याला सांगीन. लई मिजास करतो.”

“आन् त्यो पुढं सांगंल का?”

“त्याचं मला काय ठावं,” असं म्हणत ती उतरली.

घरी येऊन मी सुनेला हे सांगितलं. ती उठून दाराला कडी लावून आली. तेव्हापासून बरेच दिवस गेले, कुणी आलेलं नाही. पण दारापुढं एखादी फटफटी हळू झाली की मी हातातलं काम टाकते आणि नातीला उचलून आतल्या खोलीत नेते.