हात फिरवलेलं चित्र

स्नेहल मॅडमचा चित्रकलेचा तास शुक्रवारी असायचा, तोही शेवटचा. तोवर त्यांच्या अंगात खडू धरायचंही त्राण उरत नसे. सकाळी न्हावऱ्याहून स्कूटीवर कारेगावच्या अंगाला यायचं, ते उसाच्या ट्रॉल्या आणि कंपन्यांच्या बसगाड्या चुकवत. आल्यावर खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, हजेरी मोबाईलवर चढवायची आणि उरल्या वेळात चौथीला सगळे विषय शिकवायचे. एक ना धड, भाराभर चिंध्या. दौंडला माहेरी असताना याच बाईने ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड काढली होती, हे आता घरातही कुणाच्या लक्षात नव्हतं.

यंदा तर तो तासही जाणार होता. मुख्याध्यापक हौसराव सरांनी सरळ सांगितलं, त्या तासाला शिष्यवृत्तीचा सराव घ्या, चित्रं काढून कुणाचं भलं झालंय? मॅडम एरवी वाद घालत नसत. दमलेलं माणूस कुठे वाद घालतं? पण त्या दिवशी घातला. शेवटी सर म्हणाले, केंद्रातल्या शाळांच्या चित्रकला स्पर्धेत पहिल्या तिनांत कुठलाही नंबर आणून दाखवा, तास तुमचा.

स्पर्धेचा विषय होता ‘माझं घर’. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली कौलारू घर काढलं. राहायची बहुतेक पत्र्याच्या खोल्यांत. अपेक्षाने मात्र पाय काढले. दोनच, भेगाळलेले, कागदभर. तिचे वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, खोली एकच, आणि ही त्यांच्या पायांशी बसून अभ्यास करायची. पायांच्या पलीकडे गॅसपुढे तिची आई होती, बोटाएवढी.

मॅडम त्या कागदाकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. मग त्यांना परीक्षक आठवले. आपल्याकडे स्पर्धेच्या चित्रावर बाईंनी थोडा हात फिरवायचा, ही रीतच आहे. सगळेच फिरवतात, आणि परीक्षकही शिक्षकच, त्यांना काय ठाऊक नसतं? तास वाचवायचा होता. मॅडमनी जाड पांढऱ्या रंगाने ते पाय झाकले आणि वर छोटे, मापातले पाय काढले. आई मोठी केली. भिंतीला खिडकी दिली, खिडकीत कुंडी ठेवली, आणि सगळ्याला काळ्या स्केचपेनची रेघ मारली.

दुसरा नंबर आला. हौसराव सरांनी स्वतः पेढे वाटले आणि चित्राला फ्रेम करून ते ऑफिसात लावलं. शब्दाला जागले, तासही राहिला. अपेक्षा फ्रेमसमोर बराच वेळ उभी होती.

“पप्पांचं पाय आसं न्हाईत,” ती म्हणाली.

मॅडमनी तिला जवळ घेऊन समजावलं, की चित्र तुझंच आहे, मी फक्त जरासं नीट केलंय. तिने शहाण्यासारखी मान हलवली.

पुढच्या शुक्रवारी मॅडम कधी नव्हे त्या हुरूपाने वर्गात शिरल्या. फळ्यावर काहीच काढलं नाही. आज प्रत्येकाने मनाला येईल ते काढायचं, असं सांगून त्या खुर्चीत टेकल्या. थोड्या वेळाने अपेक्षा कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन टेबलापाशी आली. मॅडमनी विचारलं, काही सुचत नाही का गं?

“सुचतंय की. पर मी काढल्यावर तुमाला परत पुसाया लागतंय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रागबिग काही नव्हता, उलट बाईंची कीवच होती. “तुमीच काढा मॅडम. मी खाली नाव लिहिते.”

मॅडमना इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. केली तेव्हा अपेक्षाच्या मागे आणखी चार पोरं कोरे कागद घेऊन रांगेत उभी होती.