येणारीचं ताट

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. अहो, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या ज्या गल्लीत मला विकलं, तिथली जिवंत माणसं बघून भुतांनीच मोर्णा नदीपार धूम ठोकली असती! तरी हे सांगते...

साल साठच्या आगेमागे. मिशनच्या एस्तेरबाईंनी मला तिथून सोडवून अमरावतीला आपल्या आश्रमात आणलं होतं. चूल माझ्याकडे. माझी भाकर इतकी पातळ, की आरपार बडनेऱ्याची गाडी दिसावी! पण बाई पहिली भाकर वाढायच्या कुठं? एका रिकाम्या पाटापुढच्या ताटात. "जी अजून सुटायची हाय, तिचं ताट." जेवणं उरकली की ते दारच्या भिकाऱ्याला. माझा नुसता जळफळाट... जिचा पत्ता नाही, ती बाईंची लाडकी!

एका दुपारी सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले. माझे कुठले मिटतात? मी त्या ताटाकडेच वटारून बघत होते. आणि भाकरीचा तुकडा मोडला — आपोआप! अंबाडीच्या भाजीत बुडाला... नाहीसा. घासामागून घास. 'आमेन' होईस्तोवर ताट लख्ख!

"काहून वं," बाई म्हणाल्या, "तिचा घास बी नाई सोडला?"

"मी नाई खाल्लं बाई! येशूची आन!"

"त्याले मधात नको आणू. उद्यापासून चुलीले हात लावू नको."

चूल गेली तर बाईंच्या लेखी मी उरले काय? रडून रडून अर्धी विहीर भरली मी.

चार-दोन दिवसांत मिशनची मोटार अकोल्याहून एक पोरगी घेऊन आली. गंगू. त्याच गल्लीत, माझ्याच जुन्या खोलीत उपाशी कोंडलेली. मला बघताच ती बाईंच्या मागे लपली.

"हेच ते, बाई! मी अंधारात भाकर खाऊन राहिली होती, तं डोये फाडून माह्या घासाकडे पाहे!"

"कायची भाकर वं?" बाईंनी तिला पुढ्यात ओढलं.

"जवारीची. अन् अंबाडीची भाजी."

बाईंनी चुलीपुढचा पाट माझ्याकडे सरकवला. पहिली भाकर मात्र गंगूला वाढली.

अमरावतीची भाकर अकोल्याच्या कुलूपबंद खोलीत कशी पोचली, आजवर कोणाला उलगडलं नाही. मला मात्र दुसरंच छळतं... त्या खोलीत मीही उपाशी होते. तेव्हाही बाई रोज ते ताट मांडतच होत्या.

मग माझी भाकर खाल्ली कोणी?