शिफारशीवर आलेल्यांना प्रवेश नाही

आत्याने तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर काढली. हातात वही, कानावर पेन्सिल आणि तोंडात दोनच प्रश्न: "कोणाकडे? काम काय?" मालकाच्या मेहुण्यालाही तिने पाऊण तास उन्हात उभं केलं होतं. तो म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" आत्या म्हणाली, "तेच तर विचारतेय."

निवृत्तीनंतर ती वाचनालयाच्या दारात बसू लागली आणि तिथला म्हातारा कॉम्प्युटर तिच्या गळ्यात पडला. पुस्तकांची सगळी यादी त्याच्या पोटात, पण वर लिनक्सचा नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. वाचक लांबूनच नमस्कार करायचे. शेवटी अध्यक्षांनी सांगून टाकलं, "आज पाचला येतो. कोणालाही वापरता आला तर ठीक, नाहीतर भंगारात."

साडेतीनला आत्याने मला, म्हणजे तिच्या भाचीला, खुर्चीत बसवलं.

"माऊसने उघडेल असं काहीतरी घाल. एवढंच."

मी इंटरनेटवरून डेस्कटॉप, म्हणजे माऊसने चालणारा पडदा, मागवला. कॉम्प्युटरने यादी ओतली. सहाशे बारा पॅकेजेस, म्हणजे लहानमोठे प्रोग्रॅम, आणि डिस्कवर जागा त्यांच्या निम्म्यांनाही नाही.

"मी एकाला बोलावलं होतं," आत्या चष्मा चढवत म्हणाली. "वाच."

"बुद्धिबळ."

"कोणाकडे?"

"डेस्कटॉपबरोबर आलंय."

"काम काय?"

"काही नाही. खेळायला."

"पुढचा."

"स्कॅनर चालवणारा."

"आपल्याकडे स्कॅनर आहे?"

"नाही."

"मग हा काय मला चालवणार? पुढचा."

"हवामान सांगणारा."

आत्याने खिडकीबाहेर बघितलं. "कोरडं आहे. पुढचा."

"ब्लूटूथ. त्याच्याबरोबर आणखी सात जण."

"सात? हा काय जेवायला आलाय?"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. सव्वाचार वाजले होते.

"पण ही सगळी लागतातच का गं?"

"नाही, थोडीच लागतात. बाकीची त्यांच्या शिफारशीवर येतात."

आत्याने चष्मा काढला. "शिफारशीवर? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

मी पुन्हा हुकूम दिला, या वेळी शेवटी 'शिफारशी नकोत' असं जोडून. एक्क्याण्णव उरले. आत्याने त्यांचीही नावं ऐकली, एकालाही अडवलं नाही. "कामाची माणसं दिसतात. सोड आत."

पाचला अध्यक्ष आले. मागे तीन गृहस्थ.

"हे कोणाकडे?"

"माझ्याबरोबर. सहज आलेत."

"मग बाहेर थांबतील."

अध्यक्ष एकटेच बसले. पडद्यावर एक खिडकी, खिडकीत यादी. त्यांनी बिचकत माऊस हलवला, एक नाव शोधलं, सापडलं. दुसरं शोधलं, तेही सापडलं. मग मान वाकडी करून कोपऱ्यात बघू लागले.

"इथे घड्याळ असतं ना?"

"शिफारशीवर आलं होतं," आत्या म्हणाली.

अध्यक्षांनी गपचूप स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि तिसरं पुस्तक शोधायला घेतलं. "भंगारवाल्याला नको म्हणून सांगा," ते मान वर न करता म्हणाले.

बाहेर ते तिघं काचेला नाक लावून उभे होते.